जेनेसिसचा ठेका कुणाच्या हातात गेला?

प्रश्न थोडक्यात असा. एका कॉलेजातल्या मुलाने वडिलांच्या संग्रहातला जेनेसिसचा १९७२चा ‘फॉक्सट्रॉट’ ऐकला आणि तो या ब्रिटिश बँडच्या प्रेमात पडला. मग त्याने १९८६चा ‘इन्व्हिजिबल टच’ लावला आणि त्याचा विश्वासच बसेना. हाच का तो बँड? फिल कॉलिन्सने पैशांसाठी सगळ्याची वाट लावली असं जो तो म्हणतो, ते खरं का? शिवाय हा मुलगा स्वतः कीबोर्ड वाजवतो आणि त्याच्या बँडमध्येही हेच भांडण चाललंय: सात मात्रांची, लांबलचक गाणी ठेवायची की सोपं करायचं?

मी जवळजवळ तीस वर्षं ड्रम्स वाजवतोय आणि पुण्यात एक छोटा स्टुडिओ चालवतो. या मुलालाच थेट सांगतो: जेनेसिसशी माझी ओळख तुमच्या उलट्या क्रमाने झाली. आधी ‘इन्व्हिजिबल टच’ची कॅसेट, घासून घासून फीत लोंबायला लागेपर्यंत. ‘फॉक्सट्रॉट’ कितीतरी नंतर, मित्राच्या काकांनी बाहेरून आणलेला. त्यामुळे मला धक्का बसला तो ‘हेच लोक आधी इतकं अवघड वाजवत होते?’ असा. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या. माझं माप थोडं त्या बाजूला झुकलेलं असणार.

आधी आरोपीची उलटतपासणी करू. मूळ गायक पीटर गेब्रियल १९७५ मध्ये बाहेर पडला, गिटारवाला स्टीव्ह हॅकेट १९७७ मध्ये. उरले तिघे: कीबोर्डवर टोनी बँक्स, बास आणि गिटारवर माइक रदरफर्ड, ड्रम्सवर आणि आता गाण्यालाही फिल कॉलिन्स. १९७८च्या ‘अँड देन देअर वेअर थ्री’ या आल्बममधलं ‘फॉलो यू फॉलो मी’ इंग्लंडात सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. बँड जमला १९६७ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी पहिल्यांदा पहिल्या दहात. चार मिनिटांचं साधं प्रेमगीत. पॉपची सुरुवात इथूनच धरायला हरकत नाही. पण त्या गाण्याचे शब्द रदरफर्डचे आहेत, रिफही (पुन्हापुन्हा येणारी छोटी धून) त्याच्याच गिटारवरून निघाली, आणि त्या अख्ख्या आल्बमवर कॉलिन्सच्या एकट्याच्या नावावर एकही गाणं नाही. तेव्हा हा माणूस मुळात गाणी लिहिणारा म्हणून ओळखलाच जात नव्हता. त्याचं लग्न मोडलं, तो घरी एकटा पियानो आणि ड्रम मशीन घेऊन बसला, तिथून पुढे तो लिहिता झाला. १९८०च्या ‘ड्यूक’वर त्याची स्वतःची दोन गाणी आली. म्हणजे ज्याच्या डोक्यावर खापर फोडतात तो त्या दारातून आत शिरायच्या आधीच दार उघडलं होतं, आणि उघडणारे होते चार्टरहाउससारख्या बड्या शाळेत शिकलेले, प्रॉगचे, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या ‘प्रोग्रेसिव्ह’ रॉकचे, मूळ पुरुष.

आता याहून मजेदार गोष्ट. ‘फॉक्सट्रॉट’वरची ‘सपर्स रेडी’ ही तेवीसेक मिनिटांची रचना तुम्हाला पाठ असेल. तिच्या शेवटाकडे तो भाग येतो ना, नऊ मात्रांचा, ‘अपोकॅलिप्स इन नाइन एट’? प्रॉगवाल्यांच्या देव्हाऱ्यातली ही मूर्ती. खाली बास आणि ड्रम्स नऊचं आवर्तन सोडत नाहीत आणि वर बँक्सचा ऑर्गन त्याला न जुमानता आपल्याच हिशेबाने चालतो, कधी चारात, कधी सातात. तो भाग कुणी रचला? बँक्स, रदरफर्ड आणि कॉलिन्स या तिघांनी, खोलीत वाजवता वाजवता, गेब्रियल तिथे नसताना. गेब्रियलने नंतर त्यावर गायलं. बँक्सला आधी ते आवडलं नव्हतं. आपल्या सोलोवर हा गातोय कशाला, असं त्याला वाटलं. मग ऐकलं आणि पटलं.

म्हणजे माणसं तीच. पद्धतही तीच: तिघांनी बसायचं, काहीतरी छेडायचं, जे सापडेल ते धरायचं. त्याच तिघांच्या त्याच खटपटीतून १९७२ मध्ये ‘अपोकॅलिप्स’ निघतं आणि १९८६ मध्ये ‘इन्व्हिजिबल टच’. मग मध्ये बदललं काय? माझं उत्तर: खोलीत ठेका धरणारा बदलला.

‘ड्यूक’वर ‘डचेस’ नावाचं गाणं आहे. त्याची सुरुवात हेडफोन लावून ऐका. टिक-टक, टिक-टक असा एक बारीक, लाकडी आवाज सुरू होतो आणि बराच वेळ तोच चालतो. ते रोलँडचं सीआर-७८, ड्रम मशीन. जेनेसिसच्या रेकॉर्डवर ते पहिल्यांदा इथे वाजलं. (हा आल्बम स्टॉकहोमच्या पोलर स्टुडिओत झाला, म्हणजे ‘आबा’ या स्वीडिश पॉप बँडच्या स्टुडिओत. प्रॉगवाल्यांना चिडवायला याहून चांगला मसाला मिळणार नाही.) पुढच्याच वर्षी कॉलिन्सच्या ‘इन दि एअर टुनाइट’मध्येही तेच यंत्र आहे.

ड्रमर म्हणून सांगतो, हे यंत्र खोलीत आलं की काय होतं. माणूस ठेका धरतो तेव्हा तो ऐकतही असतो. कीबोर्डवाल्याने एखादा कॉर्ड अर्धी मात्रा जास्त ओढला तर चांगला ड्रमर त्याच्यामागे जातो, आवर्तन तिथेच ताणतो आणि बघता बघता आठाचं नऊ होतं. अशी कितीतरी विषम आवर्तनं जन्माला येतात ती कागदावर हिशेब मांडून नव्हे, तर कुणीतरी चुकलं आणि दुसऱ्याने ती चूक सांभाळून घेतली म्हणून. यंत्र सांभाळून घेत नाही. ते आपलं चारात चालत राहतं आणि तुम्ही त्याच्याकडे परत यायचं असतं. पाच मिनिटांत तिघेही चारात बसतात. भांडण होत नाही, कुणी ‘चला, आता पॉप करू’ असा ठरावही मांडत नाही.

आणि त्याच वेळी ड्रमरचे हात मोकळे होतात. हे लोकांच्या लक्षात येत नाही. यंत्र ठेका धरतंय म्हटल्यावर कॉलिन्स माईकपाशी जाऊन उभा राहिला. आपल्याकडे सिनेसंगीतात संगीतकार चालीवर डमी शब्द म्हणतो ना, तसं तो जॅम (तिघांनी मिळून सुचेल ते वाजवणं) चालू असताना तोंडाला येईल ते गायचा. रदरफर्डने एक रिफ सुरू केली आणि त्यावर कॉलिन्सच्या तोंडून ‘इन्व्हिजिबल टच’ची ओळ जवळजवळ आहे तशी बाहेर पडली. पूर्वी ही माणसं आधी वाद्यांची इमारत उभी करायची आणि नंतर गायकाला त्यात जागा शोधावी लागायची. गेब्रियल त्या जागा शोधण्यात वस्ताद होता. आता गळा पहिल्या मिनिटापासून खोलीत हजर. गळ्याला श्वास घ्यावा लागतो, गळा चार-चार ओळींत बोलतो. गाणं आपोआप गाण्याच्या आकाराचं होतं.

यात तिसरी गोष्ट मिसळली: ड्रम्सचा तो प्रसिद्ध आवाज. आणि गंमत बघा, तो आला गेब्रियलच्या घरून. त्याच्या १९८०च्या तिसऱ्या आल्बमचं काम लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत चालू होतं, कॉलिन्स ड्रम्स वाजवायला गेला होता, ह्यू पॅजम इंजिनिअर होता. तिथल्या मिक्सरला एक जादा माईक जोडलेला होता, आतल्या वादकांचं बोलणं बाहेर ऐकू यावं म्हणून. तो रेकॉर्डिंगसाठी नव्हताच, म्हणून त्यावर भलताच जोरकस कंप्रेसर बसवलेला. कॉलिन्स वाजवत असताना तो माईक चालू राहिला आणि कंट्रोल रूममधले सगळे उडाले. गेब्रियलने आणखी एक अट घातली होती: झांजा वाजवायच्या नाहीत.

हे चालतं कसं, ते सांगतो, कारण मी हे हाताने करून बघितलंय. कंप्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मागचा बारीक आवाज वर उचलतो, त्यामुळे खोलीचा घुमारा फुगतो. गेट म्हणजे शब्दशः दार: आवाज ठरावीक पातळीच्या वर आहे तोवर उघडं, खाली गेला की बंद. घुमारा फुगलेला असतानाच दार धाडकन लावलं की तो ‘ढाप्प’ असा, मध्येच कापलेला आवाज मिळतो. एका गिऱ्हाइकाला हाच आवाज हवा होता. माझी खोली दहा बाय बाराची, भिंतींना गादीसारखं आवरण. तिथे घुमारा येणार कुठून? रात्री अकरा वाजता मी स्नेअर, म्हणजे सेटमधला तो कडक आवाजाचा छोटा ड्रम, तळमजल्यावर जिन्याखाली ठेवला, माईक दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला बांधला आणि वाजवला. आवाज अप्रतिम आला. सकाळी सोसायटीचे सेक्रेटरीही आले.

त्या रात्री एक गोष्ट मला कळली, जी पुस्तकं वाचून कळली नसती. या आवाजात बारीक काम करताच येत नाही. झांजा वाजवल्या की कंप्रेसर त्यांचा सगळा चिखल वर आणतो. स्नेअरवर हलके, मधले ठोके टाकले की दार पुरतं लागतच नाही आणि सगळं एकमेकांत मिसळतं. म्हणजे वाजवायचं कमी, जागा ठेवून, आणि प्रत्येक ठोका पाहुण्यासारखा एकटा आला पाहिजे. १९७३च्या ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’वर झांजांवर पाण्यासारखा फिरणारा कॉलिन्स तुम्ही ऐकला असेल. नव्या आवाजात त्या हाताला कामच उरलं नाही. तो विसरला नव्हता. आवाजाने त्याला बसवून ठेवलं.

१९८१चा ‘अबकॅब’ म्हणजे हे सगळं एकत्र. बँडने सरेमध्ये एक शेतघर घेऊन तिथे स्वतःचा स्टुडिओ थाटला होता, ‘द फार्म’. पॅजमला बोलावलं. भाड्याच्या स्टुडिओत तासाचं मीटर पडत असतं, त्यामुळे घरून काहीतरी बांधून न्यावं लागतं. स्वतःची जागा असली की रिकाम्या हाताने जाऊन बसता येतं. १९८३च्या आल्बमला तर ते काहीच न घेता गेले आणि सगळी गाणी तिघांच्या नावावर लागली. ‘अबकॅब’ हे नावही एका टप्प्यावर गाण्याचे तुकडे अ, ब, क असे मांडले होते त्यावरून आलेलं. नंतर तुकड्यांचा क्रम बदलला, नाव राहिलं. या आल्बमवर ‘अर्थ, विंड अँड फायर’ या अमेरिकन बँडचे ब्रासवाले वाजवतात. नेदरलँड्समधल्या लायडन गावी प्रेक्षकांनी नव्या गाण्यांना चक्क हुर्यो केली. त्या आल्बमवरचं ‘हू डनिट’ ऐकल्यावर मी लायडनकरांच्या बाजूने आहे, पण तो वेगळा विषय.

आता पैसा. तो नव्हता असं म्हणणारा खोटारडा. गेब्रियल गेला तेव्हा या मंडळींच्या डोक्यावर भरपूर कर्ज होतं. लांबलचक रचना आणि वेशभूषांचे दौरे स्वस्तात होत नाहीत. १९८१च्या ऑगस्टात अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि पुढे ‘लँड ऑफ कन्फ्यूजन’च्या बाहुल्यांच्या व्हिडिओने त्यांना घराघरात नेलं. ‘टुनाइट, टुनाइट, टुनाइट’ आल्बमवर जवळजवळ नऊ मिनिटांचं आहे, रेडिओसाठी ते अर्ध्यावर कापलं, वर बिअरच्या जाहिरातीत दिलं. ‘इन्व्हिजिबल टच’मधली पाच गाणी अमेरिकेत पहिल्या पाचात गेली. त्यातलं शीर्षकगीत जुलै १९८६ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि त्याला तिथून खाली कुणी ओढलं? पीटर गेब्रियलच्या ‘स्लेजहॅमर’ने. ‘विकला न गेलेला’ म्हणून ज्याचे गोडवे गातात, तोही त्याच बाजारात, त्याच आठवड्यात, शेजारच्याच गाळ्यावर बसला होता.

‘येस’ या दुसऱ्या ब्रिटिश प्रॉग बँडचं उदाहरण शेजारी ठेवलं की फरक दिसतो. १९८३चं त्यांचं ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ अमेरिकेत पहिलं आलं, पण त्याचा गाभा नव्याने आलेल्या ट्रेव्हर रेबिनचा आणि आवाज निर्माता ट्रेव्हर हॉर्नचा. तिथे गाण्याचा गाभाच बाहेरून आला आणि बँड बदलला. मला ते गाणं फार आवडतं. पण जेनेसिसमध्ये गाणी रचायला बाहेरचं कुणी आलंच नाही, म्हणून त्यांची गोष्ट जास्त खोल वाटते.

उरलं काय? पुष्कळ, आणि ते कीबोर्डवाल्याने आधी ओळखायला हवं. बँक्सची एक जुनी खोड आहे. खाली बास एकाच सुरावर खिळवून ठेवायचा, अगदी तानपुऱ्यासारखा, आणि वर उजव्या हाताने कॉर्ड बदलत राहायचे, अगदी त्या खर्जाशी भांडणारेसुद्धा. ‘अपोकॅलिप्स’चा सगळा ताण यातूनच येतो: खाली बास त्याच तीन सुरांत फिरतोय, वर ऑर्गन चढत चाललाय. आता १९८३चं ‘मामा’ लावा. लिन ड्रम मशीनचा ठेका, कॉलिन्सचं ते भीषण हसणं (ते सुचलं ग्रँडमास्टर फ्लॅशचं रॅप ऐकून) आणि त्याखाली? तीच खोड: खर्ज न हलणारा, आणि त्यावर बदलते कॉर्ड. अकरा वर्षांनी, सात मिनिटांच्या गाण्यात, आणि तेही इंग्लंडात चौथ्या क्रमांकावर. लोकांना वाटलं, पॉप ऐकतोय.

लांब रचनाही गेल्या नव्हत्या, फक्त पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत गेल्या. १९८३ मध्ये ‘होम बाय द सी’ आणि त्याचा वाद्यांचा उत्तरार्ध मिळून अकरा मिनिटं. ‘इन्व्हिजिबल टच’वर ‘डॉमिनो’ दहा मिनिटांच्या वर. १९९१च्या ‘वी कान्ट डान्स’वर ‘फेडिंग लाइट्स’ही तसंच. ‘ड्यूक’मध्ये तर अर्ध्या तासाची एक सलग रचना दडलेली आहे. त्यांनी मुद्दाम तिचे तुकडे करून आल्बमभर पसरले, कारण जोडून ठेवली असती तर लोकांनी तिला ‘सपर्स रेडी’शेजारी उभं करून मोजलं असतं. त्यातला एक तुकडा म्हणजे ‘टर्न इट ऑन अगेन’, तेरा मात्रांचं. तेरा! आणि इंग्लंडात आठवं आलं.

हे गाणं आम्ही कॉलेजच्या दिवसांत एका फेस्टिव्हलमध्ये वाजवलं होतं. लोक उत्साहाने टाळ्या द्यायला लागले, आणि दर आवर्तनाला त्यांची टाळी एका मात्रेने सरकायची. समेवर खाली पडायची. पुढच्या समेला परत जुळायची. माझ्या बाजूचा गिटारवाला टाळ्यांकडे बघत राहिला आणि बारावरच परतला. मी त्याला आणायला एक मात्रा खाल्ली, बासवाला दोघांकडे बघून थांबलाच. प्रेक्षकांना यातलं काही कळलं नाही, ते नाचत होते. त्या दिवसापासून मी ‘अवघड’ आणि ‘सोपं’ हे शब्द जरा जपून वापरतो.

गेलं काय, तेही सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल काका वकिली करतायत. हॅकेट गेला तो आपल्या रचना मागे पडतात म्हणून कंटाळून, आणि त्याच्याबरोबर गिटारचा तो लांबून येणारा, व्हायोलिनसारखा सूर गेला. रदरफर्डने गिटार निभावली, पण ती जागा रिकामीच राहिली. बारा तारांच्या गिटारींची ती किणकिण गेली. शांततेपासून गडगडाटापर्यंत हळूहळू चढत जाणं गेलं, कारण यंत्राला हळू वाजवता येतं, दबकत वाजवता येत नाही. आणि शब्द फार पातळ झाले. ‘इन्व्हिजिबल टच’चे शब्द मी आजही ऐकून न ऐकल्यासारखे करतो, आणि १९८३चं ‘इललीगल एलियन’, ते मेक्सिकन माणसाची नक्कल करत गायलेलं, आता लावलं तर मान खाली जाते. हे नुकसान खरं आहे. ते कुणी विकलं मात्र नाही. सवयी बदलल्या आणि ते निसटलं.

आता तुमच्या बँडचं. मला तुमचं भांडणच चुकीच्या जागी चाललंय असं वाटतं. सात ठेवायचं की चार, हे मतदानाने ठरवू नका. पुढच्या तालमीत एक करा. तुम्ही कीबोर्डवर डाव्या हाताने एकच खालचा सूर धरा, समजा काळी दोनचा सा, आणि तो अजिबात सोडू नका. उजव्या हाताने कॉर्ड बदलत राहा, सुचतील तसे. पहिली दहा मिनिटं ड्रमरला तुमच्याकडे बघत वाजवू द्या. पुढची दहा मिनिटं फोनवरचं ड्रम मशीन लावा, ड्रमरला हात बांधून बसवा आणि जो कुणी गातो त्याला माईक द्या, शब्द नसले तरी चालतील. दोन्ही रेकॉर्ड करा. दोन दिवस ऐकू नका. मग ऐका, आणि ड्रमरलाही सोबत बसवा. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही कुठे मात्रा ओढली आणि त्याने कुठे सांभाळली, ते त्याला आठवत असेल.